बाबांची वाहिनी, बाबांचं मत

प्रश्न : आमचे बाबा रोज रात्री एकच वृत्तवाहिनी लावतात. आई म्हणते, ते पाहून पाहूनच त्यांची राजकीय मतं अशी झाली. बाबा म्हणतात, मला पटतं ते मी पाहतो. खरं कोणाचं?

उत्तर : बाबांच्या बाजूने जुना पुरावा आहे. १९४०मध्ये अमेरिकेत रूझवेल्ट आणि विल्की यांच्यात अध्यक्षपदाची लढत होती. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायोतल्या इरी काउंटीत मे ते नोव्हेंबर त्याच ६०० मतदारांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. प्रचाराने बाजू बदललेले फार थोडे निघाले. बहुतेकांनी आधीच्या मताला बळ देणारंच वाचलं, ऐकलं.

पण आईंचं म्हणणं मला जास्त काळजीचं वाटतं. सप्टेंबर २०२०मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या राज्यशास्त्रज्ञांनी ट्रम्प यांच्या बाजूची मानल्या जाणाऱ्या फॉक्स न्यूज वाहिनीच्या नेहमीच्या प्रेक्षकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ३०४ जण निवडले. त्यांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर विरुद्ध बाजूची मानली जाणारी सीएनएन वाहिनी पाहायला लावली. खरंच पाहिलं का, हे तपासायला प्रश्नही विचारले. कोरोनाबद्दल, टपालाने होणाऱ्या मतदानाबद्दल त्यांच्या समजुती बदलल्या. तेव्हा अध्यक्ष असलेल्या ट्रम्प यांच्याबद्दलचं मतही थोडं उतरलं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : ट्रम्प यांचं काही चुकलं तर फॉक्स ते आपल्याला सांगेल, हा विश्वास ढळला. वाहिनीने गाळलेली बातमी घरबसल्या कळणार कशी? ती गाळली गेली, हेच मुळी प्रेक्षकाला दिसत नाही. बाबांना जे पटतं, तेही त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या बातम्यांच्याच आधारे पटलेलं असतं.

पैसे थांबल्यावर बहुतेक जण फॉक्सकडे परतले आणि दोन महिन्यांत परिणाम बराचसा ओसरला. म्हणजे आवड वाहिनी निवडते, वाहिनी ती आवड टिकवून धरते. (हे सारं अमेरिकेतलं, तिथे लढत मुख्यतः दोन पक्षांत. आपल्याकडे पक्ष अनेक, शिवाय प्रादेशिक वाहिन्यांचे रंग वेगळे, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत.)

इरी काउंटीत आणखी एक गोष्ट दिसली होती. छापलेल्या मजकुरापेक्षा ओळखीच्या माणसाने सांगितलेलं लोकांच्या मनात जास्त उतरत होतं. तेव्हा बाबांच्या हातून रिमोट काढून घेऊ नका. त्या दिवशी त्यांच्या वाहिनीने न दाखवलेली एखादी बातमी जेवताना तुम्हीच त्यांना सांगा, आणि त्यावर ते काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐका.