घरबसल्या दोन वर्षांत वकील?

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा जवळ आली आहे. तिला वकील व्हायचे आहे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे ती लवकर पायावर उभी राहावी असे वाटते. बी.कॉम. सोडून पाच वर्षांचा कोर्स घ्यावा का? ‘घरबसल्या दोन वर्षांत एलएल.बी.’ अशी जाहिरातही पाहिली. अमेरिकेत म्हणे कॉलेजला न जाताही वकील होतात. आपल्याकडे तसे काही आहे का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, बी.कॉम. सोडू देऊ नका. पदवीचे एक वर्ष उरले आहे, त्यापुढे एलएल.बी.ची तीन, म्हणजे चार वर्षांत ती एलएल.बी. होईल. आता पाच वर्षांच्या कोर्सला गेली तर पाच लागतील, शिवाय झालेली दोन वर्षे वाया. पाच वर्षांच्या कोर्सने एक वर्ष वाचते हे खरे, पण ते बारावीनंतर लगेच गेलेल्यांचे. नव्या शैक्षणिक धोरणातले पदवीचे चौथे वर्ष मात्र तिने घेऊ नये; एलएल.बी.ला तीन वर्षांची पदवी पुरते. खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात.

जाहिरातीतल्या दोन वर्षांच्या कोर्सला एक रुपयाही देऊ नका. वकिलीची सनद मिळते ती अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार, आणि त्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या कॉलेजात नियमित हजेरी लावून घेतलेली पदवीच चालते. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन घेतलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. बेताच्या परिस्थितीतली मुले या जाहिरातींना बळी पडतात आणि पैसे नि वर्षे दोन्ही गमावतात, याचा मला मनस्वी संताप येतो. दोन वर्षे सोडाच, बारावीनंतर तीन वर्षांतच वकिलीची पदवी मिळावी, अशी याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती ऐकून घेण्यास नकार दिला. पाच वर्षेही कमीच पडतात, असा तेव्हाच्या सरन्यायाधीशांचा सूर होता.

अमेरिकेचे तुम्ही ऐकले ते खरे आहे. कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया अशा मोजक्या राज्यांत वकिलाच्या हाताखाली शिकून बारची परीक्षा देता येते. पण ती वाट जवळची नाही. कॅलिफोर्नियात चार वर्षे, आठवड्याला १८ तास वकिलाच्या ऑफिसात काढावे लागतात, आणि पहिल्या वर्षानंतर एक वेगळी परीक्षा असते. तिथली टीव्ही-तारका किम कार्दाशियन याच वाटेने गेली. २०१९ मध्ये सुरुवात केली, अभ्यासक्रम संपला २०२५ मध्ये.

आता मुद्द्याचे. आपल्याकडे कोर्स लांब असल्यामुळे वर्षे जात नाहीत, ती जातात मधल्या खाचखळग्यांत. पहिला खड्डा सीईटीचा. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची लॉ सीईटी पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हटले की अख्खे वर्ष गेले. दुसरा हजेरीचा : बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हवी, आणि नोकरी सांभाळून शिकणारी मुले इथेच अडकतात. तिसरा एटीकेटीचा. शेवटच्या सत्रात एक विषय राहिला तरी सनदेचा अर्ज सहा महिने लांबतो. चौथा, ऑल इंडिया बार एक्झामिनेशनचा. सनद आधी तात्पुरती मिळते आणि ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते. परीक्षेला टीपा नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्यांची मूळ पुस्तके, नेता येतात, पण ज्यांनी ते कधी उघडलेच नाहीत त्यांना कलम शोधण्यातच वेळ जातो. सनदेच्या खर्चाची चिंता करू नका : सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही.

सनद मिळाली की लगेच पैसे मिळतील, असे मात्र धरून चालू नका. तालुका कोर्टातली ज्युनिअर सकाळी बोर्ड पाहते, कुठल्या दाव्यात आज कैफियत द्यायची, कुठल्या अर्जावर ‘से’ बाकी आहे ते लिहून घेते, नकलेचा अर्ज टाकते, पुरसिस लिहिते, आणि सीनिअर दुसऱ्या कोर्टात उभे असले की न्यायाधीशांसमोर तारीख मागते. मानधन बहुतेक ठिकाणी तुटपुंजे असते. पण कागद कसा चालतो हे इथेच कळते, आणि ते शिकवणारे दुसरे ठिकाण नाही. म्हणून तिने हे शिकायला पदवीची वाट पाहू नये. तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहेच. ती नुसत्या सहीच्या प्रमाणपत्रावर उरकू नका, खरोखर कोर्टात जाऊन करू द्या. चांगल्या सीनिअरशी तेव्हाच ओळख झाली तर सनदेनंतरचे निम्मे चाचपडणे वाचते. तिच्या मनात न्यायाधीश होण्याचे असेल तर तात्पुरती सनद विनाविलंब घ्यावी. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला आणि ती वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायला सांगितली.

शेवटी फीविषयी, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार भरते. त्यासाठी प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. तेव्हा उत्पन्नाचा दाखला आणि इतर कागद तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपूर्वीच तहसीलमधून काढून ठेवा, सीईटीची नोंदणी सुरू होताच अर्ज भरा, आणि कॉलेज निवडताना बार कौन्सिलची मान्यता त्या वर्षापुरती चालू आहे का, हे लेखी पाहूनच पैसे भरा.