घरचा कुत्रा आजारी पडतो तेव्हा

कुत्रा अन्न टाकतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि गुरांच्या डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. अशा वेळी आपण घाबरून घरातल्याच गोळ्या देतो. आयबुप्रोफेन तर कुत्र्याला घातकच. त्यापेक्षा वही घेऊन ताप (१०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचे नेहमीचे), पाणी, लघवी रोज लिहावी. गोचिडापासून येणारा ताप महिनोन्‌महिने दडून राहतो. एका काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत, तरी पुन्हा रक्त तपासावे असे आपण सुचवावे.

शब्बाथशाळेत एखादे मूल म्हणते, “आमच्या मोतीसाठी प्रार्थना करा.” शिक्षकांनो, हसू नये. प्रार्थना करावी, पण तो बरा होईलच असे वचन आपण देऊ नये. घरी पाण्याचे भांडे भरण्याचे काम त्या मुलाकडेच द्यावे.