साताऱ्याची तबकडी सांगलीत चालेल का?

समजा साताऱ्याच्या एका शाळेने पितळी पत्र्यावर सूर्यघड्याळाची तबकडी कोरली. घड्याळ चांगले वेळ दाखवू लागले. मग तशीच दुसरी तबकडी कोरून त्यांनी सांगलीच्या शाळेला भेट दिली. ती तेथे बरोबर वेळ दाखवील का? कृष्णामाई संगम माहुलीला वेण्णेला पोटात घेऊन पुढे सांगलीला जाते. तिला वाटेत काही बदलावे लागत नाही. सावलीला मात्र बदलावे लागते. ते का, हे आज पाहू या, आणि तबकडी कशी कोरायची हेही शिकू या.

या भागाला धातू कापण्याची विद्या नवी नाही. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. ज्या कामाला पूर्वी मोठा कारखाना लागे, त्यातले हलके काम आता टेबलावर मावणारे, संगणकाच्या हुकुमाने चालणारे मिलिंग यंत्र करू शकते. त्याला सीएनसी यंत्र म्हणतात.

आधी भूमिती समजून घेऊ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. सूर्यघड्याळाच्या काट्याची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. त्यासाठी काट्याचे टोक उत्तरेकडे वर उचललेले असते आणि त्या कडेचा जमिनीशी होणारा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असतो. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंश, सांगलीचा १६.८५ अंश.

तबकडी विषुववृत्ताला समांतर तिरपी धरली, तर तासांच्या रेघा सारख्या १५-१५ अंशांवर येतील. पण आपली तबकडी जमिनीवर आडवी आहे. तिच्यावर सावली तिरकी पडते, म्हणून दुपारच्या रेघा दाटीने येतात आणि सकाळ-संध्याकाळच्या रेघा फाकतात. त्याचे सूत्र असे:

टॅन (रेघेचा कोन) = साइन (अक्षांश) × टॅन (१५ × तास)

येथे तास म्हणजे माध्यान्हापासूनचे तास. साताऱ्यासाठी साइन १७.७ = ०.३०४ आणि सांगलीसाठी साइन १६.८५ = ०.२९० घेऊन बाराच्या रेघेपासूनचे कोन काढले, तर असे येतात:

१ वाजता : सातारा ४.७°, सांगली ४.४°
२ वाजता : सातारा १०.०°, सांगली ९.५°
३ वाजता : सातारा १६.९°, सांगली १६.२°
४ वाजता : सातारा २७.८°, सांगली २६.७°
५ वाजता : सातारा ४८.६°, सांगली ४७.३°
६ वाजता : दोन्हीकडे ९०°

सकाळचे कोन हेच, फक्त दुसऱ्या बाजूला. अकराची रेघ एकसारखी, दहाची दोनसारखी. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सकाळी सावली डावीकडे म्हणजे पश्चिमेला असते आणि संध्याकाळी उजवीकडे.

आता यंत्राकडे वळू. यंत्राला 'कोन' काढून दाखवून चालत नाही. त्याला प्रत्येक बिंदूचे दोन अंक लागतात, उजवीकडे किती आणि पुढे किती. आलेखाच्या कागदावरचे हे तुमचे क्ष आणि य. काट्याची तिरपी कड तबकडीला जेथे टेकते तो आरंभबिंदू, बाराची रेघ हा य-अक्ष. मग

क्ष = त्रिज्या × साइन (कोन), य = त्रिज्या × कोसाइन (कोन)

साताऱ्याची तीनची रेघ ६० मिमी त्रिज्येपासून ९० मिमीपर्यंत कोरायची आहे. कोन १६.९ अंश. पहिला बिंदू (१७.४, ५७.४), दुसरा (२६.२, ८६.१). यंत्राला सांगायचे ते इतकेच: कटर वर उचलून पहिल्या बिंदूवर जा, पाव मिलिमीटर खाली उतर, सरळ दुसऱ्या बिंदूपर्यंत जा, पुन्हा वर ये.

हे यंत्र किती अचूक चालते? त्याच्या मोटरी टप्प्याटप्प्याने फिरतात. एका फेऱ्याचे २०० टप्पे असतात. एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा स्क्रू असेल, तर एक टप्पा ०.०४ मिमीचा झाला. आपल्या तबकडीच्या कडेवर दुपारी बाराच्या सुमारास एक मिनिट म्हणजे जेमतेम ०.१२ मिमी, म्हणजे तीन टप्पे. तेव्हा यंत्राची चूक मिनिटापेक्षा कमीच राहील. शिवाय सूर्य हा बिंदू नाही. त्याची चकती आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसते आणि तेवढे अंतर सरकायला त्याला दोन मिनिटे लागतात. म्हणून सावलीची कड नेहमी थोडी पुसट असते. यंत्राची नजर सावलीपेक्षा तीक्ष्ण आहे.

पण येथेच सावध राहा. यंत्र आज्ञाधारक आहे, शहाणे नाही. चुकीचा अक्षांश दिला, तर ते चुकीची रेघ तितक्याच सुबकपणे कोरील. म्हणून तीन काळज्या घ्या.

पहिली, काट्याची जाडी. काटा २ मिमी जाड पत्र्याचा असेल, तर सकाळची सावली त्याच्या पश्चिमेकडच्या कडेने पडते आणि दुपारनंतरची पूर्वेकडच्या कडेने. म्हणून तबकडीचे दोन अर्धे भाग २ मिमी अंतराने वेगळे करा. बाराची रेघ दुहेरी येईल.

दुसरी, स्क्रूच्या आट्यांतली ढिलाई. कारागीर तिला 'प्ले' म्हणतात. दिशा उलटली की स्क्रू थोडा फुकट फिरतो. म्हणून प्रत्येक रेघेकडे एकाच बाजूने या.

तिसरी, पितळेला हात लावण्यापूर्वी कटरच्या जागी पेन बसवून सगळी तबकडी कागदावर काढा आणि कोनमापकाने तपासा. पितळेवर खोडरबर चालत नाही! कोरताना पत्रा घट्ट आवळा, डोळ्यांना चष्मा लावा आणि शिक्षकांना जवळ ठेवा.

यंत्र नसेल तर खंत नको. पुठ्ठा, कोनमापक आणि वरचे कोष्टक एवढ्यावरही हे घड्याळ होते.

तबकडी बसवताना ती पूर्ण सपाट हवी आणि बाराची रेघ खऱ्या उत्तरेकडे हवी. उत्तर शोधायची आपली जुनी रीत सोपी आहे. जमिनीवर वर्तुळ काढून मध्यावर उभी काठी रोवा. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवेल ते दोन बिंदू जोडा. ती पूर्व-पश्चिम रेषा. तिला लंब ती दक्षिणोत्तर.

आता सांगलीच्या प्रश्नाकडे. सांगलीत काटा तेथल्या कोनाचा बसवला पण रेघा साताऱ्याच्याच ठेवल्या, तर संध्याकाळी पाचला घड्याळ पावणेतीन मिनिटे मागे पडेल. मग सगळी मेहनत वाया? नाही! साताऱ्याचा काटा आणि साताऱ्याच्याच रेघा जशाच्या तशा ठेवा आणि तबकडीची दक्षिणेकडची बाजू ०.८५ अंशाने उचला. काटा पुन्हा पृथ्वीच्या अक्षाला समांतर होईल आणि सगळ्या रेघा बरोबर ठरतील. २०० मिमी लांबीच्या तबकडीला त्यासाठी दक्षिण कडेखाली फक्त ३ मिमीची पाचर पुरते.

एक शंका उरते. हे घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत का नाही? भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरली. सातारा ७४ अंशांवर आहे. फरक ८.५ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ३४ मिनिटे. सांगली ७४.६ अंशांवर, म्हणून तेथे सुमारे ३२. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर थोडा मागेपुढे होतो. ११ फेब्रुवारीच्या सुमारास तो १४ मिनिटे मागे, तर ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटे पुढे असतो. म्हणून साताऱ्याच्या सावलीत फेब्रुवारीत ४८ मिनिटे मिळवावी लागतात आणि नोव्हेंबरात १८.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. नकाशात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश पाहा, सूत्रात घाला आणि स्वतःच्या गावाची तबकडी काढा. मग १५ एप्रिलला, जेव्हा सूर्य मागेही नसतो आणि पुढेही नसतो, सावली पाहा. तुमचे गणित बरोबर आहे की नाही, ते खुद्द सूर्यच तपासून देईल.