शास्त्रज्ञांचे लिखाण : कोठे शोधावे, कसे वाचावे

पेरणी जवळ आली की शिरड शहापूरसारख्या बाजाराच्या गावी सल्ल्यांची कमतरता नसते. दुकानदार सांगतो, शेजारी सांगतो, मोबाईलवरही संदेश येतात. सल्ला फुकट मिळतो. पण तो चुकला तर खर्च आपलाच जातो आणि गेलेला हंगाम वर्षभर परत येत नाही. म्हणून ज्याने प्रयोग केला, त्या शास्त्रज्ञाचे मूळ लिखाण स्वतः वाचण्याची सवय लावून घ्यावी.

शिफारस कशी तयार होते?

प्रयोगात एकच उपचार अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा घेतला जातो. जमिनीच्या चढउतारामुळे निष्कर्ष फसू नये, हा त्यामागील हेतू. एका वर्षाच्या पावसावर भरवसा नको म्हणून प्रयोग सर्वसाधारणपणे एकाहून अधिक हंगाम चालतो. त्यानंतर राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत निष्कर्ष तपासले जातात. तेथे मान्य झाले तरच ती शिफारस ठरते. एखाद्याच्या शेतात एकदा आलेले भरघोस पीक हा अनुभव होय, शिफारस नव्हे.

हे लिखाण कोठे मिळेल?

१) परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी, पीकवार पुस्तिका व मासिक.
२) परभणीहून दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणारा हवामान आधारित कृषी सल्ला.
३) आपल्या जिल्ह्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्र.
४) विद्यापीठाचा १८ मे रोजीचा खरीप व १७ सप्टेंबर रोजीचा रब्बी शेतकरी मेळावा. येथे लेखकाला समोरासमोर प्रश्न विचारता येतो.

चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून ही प्रकाशने घ्यावीत व गावातील वाचनालयात ठेवावीत.

वाचताना काय पाहावे?

जमीन व ठिकाण : लेखातील प्रयोग कोठे झाला, हे प्रथम पाहावे. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील हळद संशोधनाचे लेख वाचनीय आहेत. परंतु आपली जमीन भारी काळी व पाणी धरून ठेवणारी असेल, तर लागवडीची पद्धत व पाण्याच्या पाळ्या जशाच्या तशा उचलू नयेत. निचऱ्याचा विचार आधी करावा.

एकक : बहुतेक आकडे हेक्टरी असतात. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी मात्रा एकराला दिली, तर खर्च अडीचपट होतो.

अन्नद्रव्य की खत : सोयाबीनसाठी परभणी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी आहे. एकरी हिशेब १२, २४ व १२ किलो होतो. हे वजन अन्नद्रव्यांचे आहे, पोत्यातील खताचे नव्हे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के असते. म्हणून २४ किलो स्फुरदासाठी १५० किलो, म्हणजे ५० किलोची तीन पोती लागतात. त्याबरोबर युरिया २६ किलो व म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. शिफारशीत २४ वाचून कोणी २४ किलोच सुपर फॉस्फेट टाकले, तर पिकाला ४ किलोही स्फुरद मिळत नाही. माती परीक्षण केले असल्यास त्यानुसार मात्रेत बदल करावा.

उत्पादनातील फरक : समजा, तक्त्यात एका उपचाराचे उत्पादन हेक्टरी २०.४ क्विंटल व दुसऱ्याचे २१.६ क्विंटल आहे आणि खाली क्रांतिक फरक १.८ दिला आहे. दोहोंतील अंतर १.२ क्विंटल, म्हणजे क्रांतिक फरकापेक्षा कमी. अशा वेळी दोन्ही उपचार सारखेच समजावेत व स्वस्त उपचार निवडावा. जाहिरातीत नेमकी हीच ओळ नसते.

वाचलेले शेतात कसे उतरवावे?

सर्व क्षेत्रावर एकदम प्रयोग करू नये. एकाच शेतात, सारख्या जमिनीत पाच-पाच गुंठ्यांचे दोन तुकडे आखावेत. एकात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात नवी शिफारस ठेवावी. वाण, पेरणीची तारीख व इतर मशागत सारखीच असावी. पेरणी, पाऊस, खर्च व काढणीचे वजन वहीत लिहावे. दोन्ही तुकड्यांची मळणी मात्र वेगवेगळी करावी, नाहीतर सारी मेहनत वाया जाते.

निकाल लेखाप्रमाणे आला नाही, तर वही घेऊन तोंडापूरला किंवा परभणीला जावे. आपल्या नोंदींवरून कारण शोधणे शास्त्रज्ञाला सोपे जाते आणि संशोधनाला नवा प्रश्नही मिळतो. येत्या हंगामापूर्वी एक पीक, एक लेख व दहा गुंठे एवढे जरी ठरवले, तरी सुरुवात चांगली होईल.