भाडेपट्ट्यांतील आपोआप मुदतवाढ

बांधालगतचे चार-सहा गुंठे गुदामास किंवा मोबाईल टॉवरास भाड्यानें देण्याचा प्रघात हेंद्रेपाडा, बदलापूर व अंबरनाथ या बाजूस वाढला आहे. अशा पट्ट्यांचे मसुदे छापील येतात, आणि आमचे शेतकरी बंधु भाड्याचा आंकडा तेवढा पाहून सही करतात. मुदतीचें कलम वाचणारा विरळा. त्यांत बहुधा असें लिहिलेलें असतें कीं, मुदत संपण्यापूर्वीं अमुक महिने लेखी नोटीस न आल्यास पट्टा त्याच शर्तींवर तितक्याच मुदतीसाठीं आपोआप पुढें चालेल. म्हणजे मालक गप्प राहिला कीं त्याची संमति झाली.

ही रीत आपणांस नवी नाहीं. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याच्या कलम ५ अन्वयें कुळाची मुदत किमान दहा वर्षांची असे. आणि स्वतः कसण्यासाठीं किंवा बिगरशेती कामासाठीं जमीन हवी अशी लेखी नोटीस मालकानें एक वर्ष आधीं दिली नाहीं, तर ती आणखी दहा वर्षें वाढली असें धरलें जाई. १९५६ च्या दुरुस्तीनें या योजनेची जागा दुसऱ्या तरतुदींनीं घेतली व १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. परंतु ती मुदतवाढ दुर्बळ कुळाच्या रक्षणार्थ सरकारनें घातलेली होती. आजची वाढ सबळ भाडेकरू स्वतःच्या सोयीसाठीं घालतो. (कसण्यास जमीन देणें हा विषय वेगळा; त्यांत आजही कुळाचे हक्क उत्पन्न होतात. येथें बिगरशेती पट्ट्यांपुरतेंच लिहीत आहें.)

माझ्या ओळखीच्या एका खातेदाराचा पट्टा १ जून २०१६ पासून पांच वर्षांचा होता व नोटीस सहा महिने आधीं, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत, द्यावयाची होती. भावांच्या वाटणीसाठीं जागा मोकळी करणें त्यांस अगत्याचें होतें. त्यांनीं २७ नोव्हेंबरला रजिस्टर पोस्टानें नोटीस टाकली. मध्यें शनिवार-रविवार आले, सोमवारीं गुरुनानक जयंतीची सुटी. नोटीस ३ डिसेंबरला पोहोंचली. कलमांत शब्द 'पाठविली' असा नसून 'पोहोंचली' असा होता. जागा ३१ मे २०२६ पर्यंत जुन्याच भाड्यांत अडकली, आणि वाटणीही राहिली.

सबब बोलणें करावयाचें तें सहीपूर्वीं. 'आपोआप' हा शब्द काढून 'उभयपक्षांच्या लेखी संमतीनें' असें घालण्याचा आग्रह धरावा. समोरचा पक्ष ऐकेना, तर वाढ एकदांच होईल, तिच्या आरंभीं भाडें अमुक टक्के चढेल, आणि नोटीस देण्याचा अधिकार दोघांसही सारखा राहील, एवढें तरी लिहून घ्यावें. पुष्कळ मसुद्यांत पट्टा सोडण्याची मुभा एकट्या भाडेकरूसच ठेवलेली आढळते. शिवाय महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणें नूतनीकरणाची मुदत दस्तांत स्पष्ट लिहिलेली असल्यास ती मूळ मुदतींतच मोजतात; त्यामुळें मुद्रांकाचा बोजा कोणावर, हेंही त्याच वेळीं ठरवावें.

वाढीचें कलम मुळींच नसलें तरी निश्चिंत राहूं नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ११६ प्रमाणें, मुदत संपल्यावर भाडेकरू ताब्यांत राहिला व मालकानें भाडें स्वीकारलें, तर विरुद्ध करार नसल्यास पट्टा महिनेमहाल किंवा सालोसाल पुढें चालतो. हल्लीं भाडें परस्पर बँकेंत जमा होतें आणि मालकास पत्ताही नसतो. अशा वेळीं, ही रक्कम भाडें म्हणून नव्हे तर जागेच्या वापराची भरपाई म्हणून घेतली आहे, असें ताबडतोब लेखी कळवावें.

नोटिशीवर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या. मालक मयत असेल तर वारसांचा फेरफार आधींच मंजूर करून घ्यावा. माझ्या नोकरींत वारसनोंदीविना खोळंबलेलीं कामें मीं जितकीं पाहिलीं तितकीं दुसऱ्या कशानेंही खोळंबलेलीं पाहिलीं नाहींत. आणि जागा परत मिळाल्यावर सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यांत पट्ट्याची नोंद असल्यास ती कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे देऊन पोंच घ्यावी.