तिसरं मांजर घरी आणताना

घरात दोन मांजरं नांदत असताना तिसरं आणायचं ठरलं, की आपण आधी खाण्याचा आणि खेळण्यांचा हिशेब करतो. खरा पैसा भांडणात जातो.

आमच्याकडे नवा बोका आला तेव्हा आम्ही हौसेनं हॉलमध्येच बास्केट उघडली. आठ वर्षांची मनी सोफ्याखालून बाहेर आली. शेपूट बाटली घासायच्या ब्रशासारखी फुगलेली, कान मागे चिकटलेले, घशातून खोल गुरगुर. पुढच्या क्षणी दोघं गुरफटून गडाबडा लोळत होती. रक्त दिसलं नाही, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. तिसऱ्या दिवशी मनी खाईना. शेपटीच्या बुडाशी हात लावला तर केसांखाली लिंबाएवढी गरम गाठ. मांजराचा सुळा सुईसारखा आत जातो, वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत अडकून गळू होतं. भूल, पू काढणं, अँटिबायोटिक आणि दोन फेऱ्या मिळून साडेचार हजार रुपये गेले. आणि तो सगळा त्रास मनीनं भोगला.

तेव्हा पहिला खर्च डॉक्टरांचा. पुढचे आकडे मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यांचे आणि अंदाजाचे आहेत. फोन करून विचारून घ्या. तपासणी पाचशे ते आठशे. एफआयव्ही आणि ल्युकेमिया या दोन विषाणूंची किटवरची चाचणी दीड ते अडीच हजार. हे विषाणू मांजरांत एकमेकांपासून पसरतात, एफआयव्ही तर मुख्यतः चाव्यातून, म्हणून इथे काटकसर नको. लसी आणि जंताचं औषध धरून दोन-अडीच हजार. घरातल्या जुन्या मांजरांच्या लसीही चालू आहेत ना, ते बघा.

नसबंदी खासगीत चार ते आठ हजारांपर्यंत जाते. प्राणिसंस्थांच्या दवाखान्यात पुष्कळ स्वस्तात होते, नंबर लावावा लागतो एवढंच. वयात आलेला बोका नसबंदी न करता इतर मांजरांत सोडणं म्हणजे मारामारीला आमंत्रण. शस्त्रक्रियेनंतरही अंगातलं हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तो निवळेल असं समजू नका.

आता खोली. किमान दोन आठवडे नव्या मांजराला बंद खोली, स्वतःचं पाणी, ताटली आणि लिटरचा ट्रे हवा. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे तिघांना चार, आणि वेगवेगळ्या जागी. बाथरूममध्ये ओळीनं मांडलेले चार ट्रे मांजराच्या लेखी एकच. साधा ट्रे तीन-चारशेला मिळतो. लिटरचा खर्च महिन्याला हजारभरानं वाढतो.

एकाच्या अंथरुणातलं फडकं दुसऱ्याच्या ताटलीजवळ ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, आधी लांब, मग रोज वीतभर जवळ. कुणी खाणं सोडून दाराकडे टक लावली, की ताटली परत मागे. दोन्हीकडे निवांत खाणं सुरू झालं की जाळीचं दार. सुताराकडून लाकडी चौकट आणि स्टीलची जाळी साधारण दोन हजारांत होते. मच्छरदाणीची नायलॉन जाळी नख्यांपुढे टिकत नाही. जाळीतून नजरानजर पचली, की मगच पाच मिनिटांची भेट, तीही तुमच्या समोर. याला दोन आठवडे लागतील, कधी दोन-तीन महिनेही.

फिसकारण्यानं घाबरू नका, ती ‘लांब राहा’ अशी ताकीद असते. ट्रेच्या वाटेत बसून गप्पपणे रोखून बघणारं मांजर मात्र जास्त त्रास देतं. दुसरं बिचारं लघवी तुंबवतं किंवा गादीवर करतं, आणि शिक्षा त्यालाच मिळते.

जुंपलीच तर हात मध्ये घालू नका. उशी, पुठ्ठा, जाड चादर, जे हाताशी येईल ते मध्ये सरकवा. चवताळलेल्या क्षणी मांजर मालकालाही ओरबाडतं. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

भिंतीवरच्या प्लगमध्ये लावायचे फेरोमोनचे डिफ्युझर मिळतात. एक बाटली जेमतेम महिनाभर चालते आणि महाग पडते. काही मांजरांना थोडा आधार होतो, पण दाराचं काम ते करत नाहीत. पैसे मोजकेच असतील तर जाळी घ्या. शांत करणारी औषधं फक्त पशुवैद्यकाच्या चिठ्ठीनं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, एका गोळीनं मांजर दगावू शकतं.

पहिल्या दोन महिन्यांचा सगळा खर्च दहा ते अठरा हजारांच्या घरात जातो. एवढी तयारी नसेल, किंवा दोन आठवडे बंद ठेवता येईल अशी खोलीच नसेल, तर तिसरं मांजर आत्ता आणू नका. त्याऐवजी सोसायटीतल्या एखाद्या मांजराची नसबंदी आणि लस करून घ्या, आणि खाली जिन्यापाशी रोज त्याला जेवण द्या.