वाय-फाय जोडणी : दोष कोठे शोधावा?

ग्रामपंचायतीतील संगणकाची वाय-फाय जोडणी तुटल्यास दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाताने परतावे लागते. अशा वेळी दोष क्रमाने शोधावा. एकच संगणक अडल्यास दोष बहुधा त्या संगणकात असतो. सर्वच अडल्यास ॲक्सेस पॉइंट प्रथम तपासावा. वाय-फायचे नावच दिसत नसेल, तर अंतर व भिंती पाहाव्यात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या मानाने भिंतींपलीकडे कमी पोहोचतात. नाव दिसूनही प्रवेश न मिळाल्यास पासवर्ड व सुरक्षा-पद्धती पडताळावी. अनेक जुन्या संगणकांत डब्ल्यूपीए-३ची सोय नसते. जोडणी होऊनही आयपी पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. वाटपाचे पत्ते संपले आहेत काय, हे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी.